शिकलगार : एका आडनावाची आणि एका शब्दाची कुळकथा

दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगाव-धारवाडकडे ‘शिकलगार’ हे आडनाव अपरिचित नाही. पण त्याचा अर्थ विचारला तर उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी त्याचा संबंध ‘शिकणे’शी लावतो, कोणी ‘शिकारी’शी. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते की हे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्यांचे नाव. तरुण पिढीला ते सांगताना संकोचही वाटतो. या शब्दाचे मूळ पाहिले तर संकोचाला काही आधार उरत नाही.

मूळ धातू अरबी आहे. ‘स-क़-ल’ या तीन अक्षरी धातूचा अर्थ घासून चकचकीत करणे. त्यापासून ‘सैक़ल’ शब्द झाला. अरबीत सैक़ल म्हणजे झिलई देणारा माणूस. फारसीत तोच शब्द झिलईलाही लावू लागले आणि माणसासाठी ‘गर’ हा करणाऱ्याचा प्रत्यय जोडून ‘सैक़लगर’ केले. हिंदीत त्याचे ‘सिकलीगर’ झाले आणि मराठीत ‘शिकलगार’.

मराठी रूपातले दोन्ही बदल नियमाला धरून आहेत. ‘इ’कारापूर्वीचा ‘स’ मराठीत पुष्कळदा ‘श’ होतो. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस आणि सिलाहदारचा शिलेदार झाला, तसाच सिकलचा ‘शिकल’ झाला. दुसरा बदल प्रत्ययाचा. फारसीत ‘गर’ आणि ‘गार’ असे दोन प्रत्यय आहेत. मराठीने ‘गुन्हेगार’, ‘मददगार’ यांच्या वळणावर जादूगरचा ‘जादूगार’ केला आणि शिकलगरचा ‘शिकलगार’. हाच प्रत्यय देशी ‘काम’ शब्दाला लावून ‘कामगार’ही घडवला.

‘शिकल’ हा स्वतंत्र शब्दही मराठीत होता. हत्याराला शिकल करणे म्हणजे गंज काढून पोलादाला पाणीदार चमक आणणे. धार लावणे हा या कामाचा एक भाग. पूर्ण काम त्याहून मोठे. लाख आणि कुरुंदाची पूड एकत्र करून सराणीचे चाक बनवत. एकाने पट्टा ओढून चाक फिरवायचे, दुसऱ्याने पाते धरायचे. शेवटचा हात ‘मिस्क़ला’ या घोटण्याच्या हत्याराने द्यायचा. हे नावही त्याच अरबी धातूचे आहे. दक्षिणेतल्या पावसाळी हवेत तलवारी, भाले, कट्यारी टिकवायच्या तर प्रत्येक किल्ल्याला आणि फौजेला असा कारागीर हवाच असे. शिलेदाराचे शस्त्र शिकलगाराच्या हातून गेल्याशिवाय कामाचे होत नसे.

शब्दाचा दुसरा वापर अध्यात्मातला आणि काव्यातला. जुने आरसे काचेचे नसत, धातूचे असत. त्यांवर गंज चढे. म्हणून सूफींनी अंतःकरणाला आरसा मानले आणि साधनेला सैक़ल. मौलाना रूमींच्या ‘मसनवी’च्या पहिल्या खंडात रूमी आणि चिनी चित्रकारांच्या स्पर्धेची गोष्ट आहे. चिनी कलावंत रंगांनी भिंत सजवतात. रूमी कलावंत आपली भिंत फक्त घासून लख्ख करतात आणि समोरचे सारे चित्र तिच्यात अधिक सुंदर उतरते. कबीराच्या नावावरील एका दोह्यात तर गुरूलाच सिकलीगर म्हटले आहे. गालिबने एका पत्रात आपल्या शेराचा खुलासा करताना सांगितले आहे की पोलादी आरसा घासू लागले की प्रथम जी रेघ उमटते, तिला ‘अलिफ-ए-सैक़ल’ म्हणतात. कारखान्यातला शब्द असा उर्दू गझलेपर्यंत पोहोचला.

व्यवसायाला उतरती कळा लागली ती इंग्रजी अमलात. १८५७ नंतर निःशस्त्रीकरण सुरू झाले आणि १८७८च्या हत्यार कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला. तलवारी गेल्या, सराणीवर विळे, अडकित्ते, वस्तरे, कात्र्या आल्या. ठिकाणी बसून काम पुरेनासे झाले तेव्हा अनेकांना चाक घेऊन गावोगाव फिरावे लागले. शस्त्रागारातला कारागीर दारावरचा ‘धारवाला’ झाला.

हे नाव एका धर्माचे नाही, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे शिकलगार बहुधा मुसलमान असतात. सिकलीगर शीख आहेत, तसेच हिंदूही आहेत. म्हणजे हे मुळात धंद्याचे नाव, पुढे जमातीचे झाले.

आज या नावाचा प्रश्न कागदावरचा आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘शिकलगार’ अशी नोंद आहे. परंतु एकाच कुटुंबाच्या कागदपत्रांत शिकलगर, सिकलगार, सैकलगर, शिकलकर अशी रूपे येऊ शकतात. उर्दू शाळेच्या दाखल्यावर मूळ उच्चाराप्रमाणे ‘सैक़लगर’ लिहिले जाते, मराठी दाखल्यावर ‘शिकलगार’. भाषेच्या अभ्यासकाला ही एकाच शब्दाची रूपे दिसतात. पडताळणी करणाऱ्याला ती वेगवेगळी आडनावे वाटू शकतात, आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा प्रवेश अडतो. म्हणून शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळीच वडील-आजोबांची कागदपत्रे पाहून एकच रूप कायम ठेवावे, आणि जुनी नोंद ‘सुधारण्याचा’ मोह टाळावा.

आणि वर्गात एखादा शिकलगार विद्यार्थी असेल, तर ‘सैक़ल’ शब्दाचा शेर शिकवताना त्याच्या आडनावाचा अर्थ सर्वांना अवश्य सांगावा.