वायांग : बाहुल्यांच्या तोंडी कोणाचे शब्द?

संपाच्या दिवसांत कारखान्याच्या दारावर ज्याने रात्र काढली आहे, त्याला पहाटेचे तीन-चार वाजणे किती जड जाते ते ठाऊक असते. म्हणूनच जावा बेटातील वायांगविषयी आम्ही पहिल्याने वाचले, तेव्हा देवादिकांच्या कथांपेक्षा एका साध्या गोष्टीने आम्हाला धरून ठेवले. रात्री नऊच्या सुमारास एक माणूस पडद्यापुढे मांडी घालून बसतो, तो उजाडेपर्यंत उठत नाही. त्याला दालांग म्हणतात. सगळी पात्रे तोच नाचवतो, सगळ्यांचे आवाज तोच काढतो आणि लाकडी ठोकळ्याने शेजारच्या पेटीवर ठोके देऊन गॅमेलनच्या वादकांना खुणा करतो. हात गुंतलेले असले तर ठोकळा पायाच्या बोटांत धरतो! आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. कलेचे शास्त्र आम्हाला येत नाही. पण मेहनत आम्ही ओळखतो.

हा खेळ फार जुना. इ. स. 907 च्या एका जावानी लेखात देवाप्रीत्यर्थ वायांग केल्याचा आणि त्यात भीमाची कथा सांगितल्याचा उल्लेख आहे. बाहुल्या म्हशीच्या चामड्याच्या. चामडे ताणून, वाळवून, खरवडून त्यावर बारीक छिन्नीने जाळी कोरायची, मग रंग भरायचे, आणि शिंगाची काडी बसवायची. एकेका बाहुलीला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि पुऱ्या पेटीत अशा दोनशेच्या आसपास बाहुल्या असतात. त्या घडवणाऱ्याचे नाव पडद्यावर येत नाही, हे सांगायला नकोच.

कथा बहुतेक महाभारत-रामायणाच्या. तेवढ्यावरून आपल्याकडे लगेच छाती फुगते, की हे सारे आमचेच! आम्हाला ही घाई पसंत नाही. छायानाट्य भारतातून गेले की तेथेच उपजले, याबद्दल पंडितांत एकमत नाही. आणि कथा गेल्या त्याही तेथल्या होऊन राहिल्या. जावाच्या खेळात द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी, आणि शिखंडी ही अर्जुनाची शूर बायको आहे.

सर्वांत मोठी भर म्हणजे पांडवांचे चाकर. थोराड पोटाचा सेमार आणि त्याची पोरे गारेंग, पेत्रुक, बागोंग. व्यासांच्या ग्रंथात यांचा पत्ता नाही. दिसायला बेढब, बोलायला फटकळ. परंतु सेमार हा मूळचा देव, साक्षात बतारा गुरूचा, म्हणजे शिवाचा, थोरला भाऊ मानला जातो. मध्यरात्र उलटली की हे चाकर पुढे येतात, आणि राजवाड्याची भाषा संपून बाजारातली सुरू होते. भाताचा भाव, गावचा मुखिया, नवा कर, काहीही बोलावे. एका प्रसिद्ध खेळात तर पेत्रुकच राजा होतो. अखेर त्याला पुन्हा चाकरीवर यावे लागते, पण तोवर रात्रभर लोकांनी आपला माणूस गादीवर पाहिलेला असतो.

बाली बेटात हे अधिकच स्पष्ट दिसते. तेथे देव आणि राजे जुन्या कवी भाषेत बोलतात, जी बसलेल्या बहुतेकांना कळत नाही. त्वालेन आणि मेर्दाह हे चाकर तिचा अर्थ चालू बोलीत सांगतात. शत्रुपक्षाकडे हेच काम देलेम आणि सांगुत करतात. म्हणजे चाकराने तोंड उघडल्याशिवाय राजाचे बोलणे प्रजेपर्यंत पोचतच नाही. बालीच्या बाहुल्या लहान, पूर्व जावातील जुन्या देवळांवरच्या शिल्पांशी मिळत्याजुळत्या. वाद्ये मोजकी, खेळ काही तासांचा, उजेड तेलाच्या दिव्याचा.

मध्य जावात शैलींचा भेद राजकारणातून रुंदावला. 1755 साली ग्यांती येथे डच कंपनीच्या मध्यस्थीने मातारामच्या राज्याची वाटणी झाली. सुराकार्ता आणि योग्याकार्ता अशी दोन दरबारे झाली, आणि पुढे दोघांनी आपापल्या बाहुल्या वेगळ्या वळणाने वाढवल्या. सुराकार्ताच्या सडपातळ, नाजूक. योग्याकार्ताच्या अंगाने भरलेल्या, पाय फाकून दमदार पाऊल टाकणाऱ्या. खेडोपाडीचे दालांग मात्र बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या रीतीने खेळ करीत. मग 1923 मध्ये सुराकार्ता दरबाराने आणि 1925 मध्ये योग्याकार्ता दरबाराने दालांगांसाठी शाळा काढल्या. शिक्षण वाईट असे आम्ही, ज्यांना ते मिळाले नाही, कसे म्हणू? पण शुद्ध काय आणि गावंढळ काय, हे यापुढे दरबार ठरवू लागला.

पश्चिमेकडील सुंदा प्रांतात पडदाच नाही. तेथला वायांग गोलेक म्हणजे लाकडी, अंगाकाराने भरीव बाहुल्या. चेपोत या लाल तोंडाच्या विदूषकावर तेथले लोक जीव टाकतात. बांडुंगकडील आसेप सुनांदार सुनार्या या दालांगाने (1955–2014) त्याला घराघरांत पोचवले.

आता जे सांगायचे ते सांगताना आम्हाला जड जाते. 1965 च्या अखेरीस इंडोनेशियात लष्कराच्या पुढाकाराने डाव्यांची कत्तल सुरू झाली. निदान पाच लाख माणसे मारली गेली असे मानतात. सोब्सी हा कामगार संघटनांचा महासंघ आणि लेक्रा ही कलावंतांची संस्था, दोन्ही बंद पडल्या. मळ्यांतले, रेल्वेतले आमच्यासारखे कार्यकर्ते गेले, आणि त्यांच्याबरोबर दालांग आणि वादकही. जे उरले त्यांना ठाऊक होते की मध्यरात्रीचा एखादा विनोद केवढ्याला पडेल.

सुहार्तोंच्या राजवटीने वायांग बंद केला नाही; ती तेवढी भोळी नव्हती. 1969 पासूनच्या पंचवार्षिक योजनांचा प्रचार, कुटुंबनियोजनाचा उपदेश, हे सारे दालांगांकरवी सेमार-पेत्रुकच्याच तोंडी घातले गेले. भाताच्या भावावर बोलणारा चाकर सरकारी खात्याचा निवेदक झाला. काही दालांग आडवळणाने टोमणा मारून जात, पण उघड नव्हे.

एका शैलीवर तर घालाच पडला. चिनी वस्तीतून आलेला पोतेही नावाचा हातमोज्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे. 1967 च्या सरकारी हुकुमाने चिनी रीतिरिवाजांना चव्हाट्यावर मनाई झाली आणि हा खेळ देवळांच्या आवारात कोंडला गेला. 2000 साली अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी ती बंदी उठवली. पुढे 2003 मध्ये युनेस्कोने वायांगचा गौरव केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले. आम्हाला मात्र पूर्व जावातील जोंबांगजवळचे गुदो हे गाव आठवते. तेथे पोतेहीच्या पेट्या राखल्या गेल्या, आणि आज चिनी सेनापतींच्या त्या कथा सांगणारे बहुतेक दालांग आणि वादक जावानी मुसलमान आहेत.