पिप : परस्परविसंगत पॅकेजांची तपासणी

पायथन भाषेतील लायब्ररी संगणकावर बसवणाऱ्या पिप या साधनातील एक महत्त्वाची प्रक्रिया. लायब्ररीला इतर कोणती पॅकेजे लागतात आणि त्यांच्या कोणत्या आवृत्त्या चालतात, याच्या अटी तिच्या मेटाडेटात नोंदवलेल्या असतात. एकीला नमपाय या पॅकेजाची २ पेक्षा जुनी आवृत्ती आणि दुसरीला २ किंवा पुढची हवी असेल, तर दोघींना एकत्र नांदता येत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले तेव्हा जुन्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेल्या पॅकेजांबाबत हा पेच उभा राहिला.

पूर्वी पिप पहिली सापडलेली अट धरून पुढे जाई आणि विसंगती नकळत आत शिरे. नोव्हेंबर २०२० मधील २०.३ आवृत्तीपासून नवा रिझॉल्व्हर (आवृत्त्यांचा मेळ बसवणारा भाग) रूढ झाला. मेळ बसला नाही तर तो मागे येऊन दुसरी आवृत्ती आजमावतो. तोडगाच नसेल तर काहीही न बसवता थांबतो. असे थांबणे अर्धवट चालणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा केव्हाही बरे. आधी बसवलेल्या सगळ्या पॅकेजांच्या अटी मात्र तो हिशेबात धरत नाही. तिथे बिघाड झाल्यास नुसता इशारा देतो. म्हणून नंतर ‘पिप चेक’ ही आज्ञा चालवणे आवश्यकच. तीही फक्त नोंदवलेल्या अटी वाचते. लेखकाने नोंदवायची राहिलेली अट तिला दिसत नाही.