तार ठीक होती, मग नेट का रखडलं?

नेट रखडलं की आपण आधी राउटर बंद-चालू करतो. पण ऑक्टोबर 1986 मधली ही गोष्ट बघा. लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कलेचं विद्यापीठ, मधलं अंतर जेमतेम 400 यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला 32,000 बिट्सवरून थेट 40 वर आला!

व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला. 1988 च्या शोधनिबंधात त्यांनी अशाच एका जोडणीचा आलेख दिला: कोणतं पॅकेट कधी निघालं, एवढंच. त्यात जवळपास सगळा डेटा पुन्हा पाठवलेला दिसतो, काही भाग तर पाचदा. उपलब्ध क्षमतेतली फक्त 35 टक्के कामी आली. म्हणजे तार तुटलीच नव्हती. पोच लांबली की संगणक तेच पॅकेट परत ढकलायचे. गर्दी वाढायची, पोच आणखी लांबायची. उपाय निघाला तो हळू सुरुवात करण्याचा, 'स्लो स्टार्ट'चा.

त्याच सुमारास त्याच लॅबमध्ये 'टीसीपीडंप' तयार झालं. आजही ते तुमच्या लॅपटॉपवर चालतं. तेव्हा पुढच्या वेळी राउटरला हात लावण्याआधी पॅकेट्स पकडा आणि रिट्रान्समिशन मोजा. ती खूप असतील तर वाटेत काहीतरी गळतंय. नसतील, तर दुखणं दुसरीकडे असू शकतं.