श्रद्धेचा उच्चार : नांदेड-लातूर परिसरातील परंपरा

श्रद्धा मनात बाळगणे वेगळे आणि ती चारचौघांत उच्चारून पत्करणे वेगळे. उच्चार झाला की माणूस त्या शब्दाला बांधला जातो आणि ऐकणारे त्याचे साक्षीदार होतात. नांदेड आणि लातूर परिसरात अशा जाहीर स्वीकाराच्या अनेक रीती रुजल्या.

बाराव्या शतकात लातूरच्या सीमेपलीकडील कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे बसवेश्वर आणि शरणांच्या चळवळीचे केंद्र होते. या परंपरेतील लिंगायत दीक्षेत गुरू इष्टलिंग हाती देतो आणि मंत्र सांगतो. ते लिंग पुढे जन्मभर अंगावर राहते. मन्मथस्वामींनी हा विचार 'परमरहस्य' ग्रंथातून मराठीत आणला. वारकऱ्यांमध्ये तुळशीची माळ हेच काम करते. माळ घातली की मांस-मद्य वर्ज्य होते आणि एकादशी व वारीचा नेम लागतो. गावही त्या माणसाला 'माळकरी' म्हणून ओळखू लागते.

नांदेडला हा स्वीकार ग्रंथाभोवती उभा राहिला. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गोदाकाठी आले. त्याच वर्षी येथे हल्ल्यात जखमी झाल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्यानंतर देहधारी गुरू नसेल, ग्रंथसाहिब हाच गुरू राहील, असे त्यांनी त्याआधी जाहीर केल्याची शीख परंपरा आहे. ग्रंथसाहिबाचे मूळ रूप असलेल्या, १६०४ मध्ये संपादित झालेल्या आदिग्रंथात गुरू तेगबहादूरांची पदे नंतर समाविष्ट झाली. नामदेवांची पदेही या ग्रंथात असल्याने मराठी संतपरंपरेशी त्याचे थेट नाते आहे. महाराजा रणजितसिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधून घेतली. शीख उपासनेत मूलमंत्राने ईश्वराच्या एकत्वाचा उच्चार होतो, तर अरदासमध्ये संगत एकत्र उभी राहून गुरूंचे स्मरण करते.

शब्दावर विश्वास का ठेवावा, हा दर्शनांमधला जुना वाद आहे. न्यायदर्शन आप्तवाक्याला, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनाला, ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानते. बौद्ध आचार्य दिङ्नाग प्रत्यक्ष आणि अनुमान एवढी दोनच प्रमाणे स्वीकारतो. श्रद्धेच्या उच्चारात मात्र शब्द खरा की खोटा एवढाच प्रश्न नसतो. उच्चारणारा त्याप्रमाणे वागतो का, यावरही त्याची पारख होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावीही धम्मदीक्षा झाल्या. या प्रतिज्ञांमध्ये नकार आणि स्वीकार दोन्ही आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याच्या प्रतिज्ञेने सुरुवात होते, तर समता, अष्टांग मार्ग आणि पंचशील यांचा स्वीकार पुढे येतो. आजही या भागातील विहारांत त्रिशरण-पंचशील सामूहिकपणे म्हटले जाते.