खून कुणी केला, आणि कुणी पाहिला?



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, इतिहासावरच बोलते, पण या खेपेला सिनेमाच्या आधाराने. यंदाच्या पावसाळ्यात, लाईट असेल त्या संध्याकाळी, मी जुने गुन्हेगारीपट ओळीनं पुन्हा पाहिले. ही काही समीक्षा नाही. पाहता पाहता जे डोक्यात आलं ते तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’पासून. साल १९६४. पुढे राज खोसलांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ काढला, तो इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वकिलाची बायको वारलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई आरोपी म्हणून कोर्टात उभी. ती म्हणते, मीच तुमची बायको. आज पाहिला तरी माणूस खुर्चीला खिळून राहतो. पण शेवट आठवा. जुळ्या बहिणीचा उलगडा होतो आणि सगळं जागेवर येतं. कोडं सुटलं की न्याय झाला, असा त्या काळच्या सिनेमाचा विश्वास होता. कोर्टात सत्य बाहेर येणारच, याबद्दल शंकाच नाही.

मग दहा वर्षांनी आला ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुले साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव पाटील, आणि डॉ. लागू म्हणजे कुठून तरी गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर. मारुती कांबळे नावाचा माणूस गावातून नाहीसा झालाय. त्याचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. इथे कोडं फारसं नाहीच हो! कुणी केलं याचा अंदाज प्रेक्षकाला लवकर येतो. ताण आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, की गावात हे तोंडानं बोलणार कोण? हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथल्या लोकांना ऊस आणि सहकार किती कळला असेल ते सोडा, पण गप्प बसलेलं गाव त्यांनी नक्की ओळखलं असणार.

तेंडुलकरांनीच १९८० मध्ये गोविंद निहलानींसाठी ‘आक्रोश’ लिहिला. लहान्या भिकू हा आदिवासी, बायकोच्या खुनाचा आरोपी. वकील जीव तोडून विचारतो आणि ओम पुरी जवळजवळ सिनेमाभर एक शब्द बोलत नाही. ज्याला सगळं माहीत आहे तोच मुका. का? तर बोललं तर घरात उरलेल्यांचं काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता टीव्हीकडे या. ‘सीआयडी’ १९९८ साली सुरू झाली आणि आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं चालली. दार तोडायचं, एक थप्पड, की आरोपी घडाघडा कबूल! (हशा) हसा, मलाही आवडते ती मालिका. पण एक लक्षात घ्या. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते लिहिलेलं होतं, आणि २०२४ पासून नवा कायदा लागू झाला तरी तो नियम कायम आहे. थपडेतून मिळालेल्या सत्यावर त्या कायद्याचा भरवसा नव्हता. म्हणजे खरी केस उभी राहते ती पुराव्यावर आणि साक्षीदारावर. मालिकेत ज्याला दोन मिनिटंही मिळत नाहीत, तो साक्षीदार.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ चा. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. ते स्वतः आयुष्यभर चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोविडनं गेले. त्या सिनेमात तारखा पडत राहतात, बाकी फारसं काही घडत नाही. ज्यानं कोर्टाची पायरी चढली आहे त्याला तो कंटाळा ओळखीचा वाटेल.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं, तिच्याकडे येते. ती सिनेमातली नाही. ती आपल्या जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा गावात खून झाला. सुरुवातीचे काही आठवडे बातमी फारशी कुठे नव्हती, मग राज्यभर मोर्चे निघाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली मात्र दोन्ही कोर्टांनी दोषी धरलं नाही. घरातून एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे कोर्टात उभे राहून बोलले. ते २०१७ साली गेले.

‘पाठलाग’च्या हिशोबानं पाहिलं तर निकाल लागला, शिक्षा झाली, कोडं सुटलं. ‘सामना’च्या हिशोबानं पाहिलं तर प्रश्न शिल्लक आहे. वस्तीच्या गावात, एवढ्या घरांमध्ये, कुणी काय पाहिलं? आणि कुणी, का, काय सांगितलं नाही?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोर्टापेक्षा जास्त काळ सांभाळावा लागतो. कोर्ट पुराव्यापाशी थांबतं, ते योग्यच आहे. पण निकालपत्रात गावाची भीती लिहिलेली नसते, शेतातल्या वाटेचं भांडण किती वर्षं धुमसत होतं ते पुरतं येत नाही. ते माणसांच्या आठवणीत असतं आणि माणसांबरोबर जातं.

म्हणून कॉलेजच्या पोरांना माझं सांगणं एवढंच. रात्री क्राईम मालिका खुशाल बघा. पण २००६ साली जे मोठे होते, ते आज तुमच्या घरात आहेत. आजीला, काकांना विचारा, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत कशी आली, घरात काय बोललं गेलं, काय बोलायचं नाही असं ठरलं. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. मास्तरानंही याहून वेगळं काही केलं नव्हतं. तो विचारत राहिला.