मूल वाचायला टाळतंय? ओरडण्याआधी डोळे तपासा

फळ्यावरचं उतरवताना वही अर्धीच राहते. वाचताना मधलीच ओळ सुटते. धडा मोठ्याने वाचायला सांगितला की डोकं दुखायला लागतं. अशा मुलावर घरी आणि शाळेत एकच शिक्का बसतो, 'अभ्यासाचा कंटाळा'. पण बरेचदा अडचण डोळ्यांत असते आणि मूल ती सांगत नाही. लहानपणापासून धूसरच दिसत असेल, तर सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं.

डोळ्यांत काय बिघडलेलं असू शकतं?

मायनस नंबर: जवळचं नीट दिसतं, फळा धूसर दिसतो. मूल डोळे बारीक करतं, पुढच्या बाकावर बसायला मागतं.

प्लस नंबर: लांबचं दिसतं, पण पुस्तक वाचताना डोळ्यांवर ताण येतो. थोड्या वेळात मूल थकतं.

सिलिंड्रिकल नंबर: अक्षरांच्या कडा पसरट दिसतात. अनुस्वार आहे की नाही, मात्रा एक की दोन, यात गोंधळ होऊ शकतो.

आळशी डोळा: एका डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे मेंदू दुर्लक्ष करायला लागतो. दुसऱ्या डोळ्यावर काम भागतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

डोळ्यांचा ताळमेळ: जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळत नाहीत. मग अक्षरं दोन-दोन दिसतात किंवा हलल्यासारखी वाटतात.

शाळेत तपासणी होते, ती पुरेशी नाही का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्यातली पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात. डोळ्यांसाठी साधारणपणे ६ मीटरवरून तक्ता वाचायला लावतात. ६/६ म्हणजे निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून जे दिसायला हवं, ते दिसतंय.

मेख इथेच आहे. हा तक्ता लांबची नजर मोजतो, पुस्तक मात्र हातभर अंतरावर असतं. प्लस नंबर असलेलं मूल डोळ्यांवर जोर देऊन तक्ता वाचून जातं. डोळ्यांच्या ताळमेळाचा दोषही त्यात सापडत नाही. म्हणून शाळेत 'नॉर्मल' शेरा मिळाला तरी वाचनाची तक्रार चालूच असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या. थेंब टाकून नंबर काढला की लपलेला प्लस नंबर समोर येतो. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. १९७६ पासून सुरू असलेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात.

चष्म्याने नंबर वाढतो का?

नाही. मायनस नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढल्यामुळे. चष्मा दप्तरातच राहतो, त्यामागे बहुतेक वेळा 'ढापण्या', 'चष्मिस' अशी चिडवाचिडवी असते. ती थांबवणं शिक्षकांच्या हातात आहे. आळशी डोळ्यावर चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आत हा उपचार सर्वात चांगला लागू पडतो. 'मोठा झाल्यावर बघू' म्हटलं, तर ही संधी हातची जाऊ शकते.

चष्मा लावूनही नीट दिसत नसेल तर?

याला अल्पदृष्टी म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळेची सवलतही मागता येते. त्यासाठी शाळेकडे वेळेत अर्ज करा.

वर्गात लगेच करता येतील अशा गोष्टी:

- पहिला बाक, आणि फळ्यावर उन्हाची तिरीप येणार नाही अशी जागा
- शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचणं
- जाड काळं पेन, ठळक रेघांची वही, पुस्तक टेकवायला उतरती पाटी
- भिंग, किंवा बालभारतीची ई-पुस्तकं मोबाईल-टॅबवर मोठी करून वाचणं

डोळे ठीक, तरी वाचता येत नाही?

मग डिस्लेक्सियाची शक्यता तपासा. त्यात अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला मेंदूला जड जातं. चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने तो बरा होत नाही. त्यासाठी शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. पण त्या निष्कर्षावर जाण्याआधी डोळ्यांची तपासणी झालेली हवी.

आज घरी एवढं करा: मुलाचा एक डोळा हाताने झाका आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. मग दुसरा झाका. दोन्ही वेळच्या वाचण्यात फरक पडला, तर डॉक्टरांची वेळ घ्या. फरक नाही, पण पुस्तक वाचताना त्रास होतोच, तरीही घ्या.