प्लूटोच्या पृष्ठावरील बर्फाचा शोध

ताऱ्यांचीं घटकद्रव्यें मनुष्यास कधींच कळावयाचीं नाहींत, असें फ्रेंच तत्त्ववेत्ता ओग्यूस्त कोंत यानें १८३५ सालीं लिहून ठेविलें होतें. पुढें पंचवीस वर्षांतच वर्णपटावरून सूर्यांतील धातु ओळखतां येऊं लागले. परंतु सूर्य पडला स्वयंप्रकाशी. जो पिंड उसना प्रकाशच काय तो परतवितो, आणि तोही अतिशय क्षीण, त्याचें पृष्ठ कशाचें आहे हें कसें ओळखावें? या प्रश्नाचा माग काढतां काढतां प्लूटोचा मोठेपणा कसा ओसरत गेला, ती हकीगत आम्ही येथें सांगणार आहों.

१९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ या तरुणानें प्लूटो शोधून काढला. पर्सिव्हल लॉवेल यांच्या १९१५ मधील गणिताप्रमाणें नेपच्यूनपलीकडे पृथ्वीच्या सुमारें सातपट वजनाचा ग्रह असावयास हवा होता. सांपडला तो एक मंद ठिपका. आतां तेजावरून आकार काढावयाचा, तर पृष्ठ किती प्रकाश परतवितें हें आधीं ठाऊक पाहिजे. तें कोळशासारखें काळें असेल तर तेवढ्याच प्रकाशास मोठा पिंड लागेल. चुना लावलेल्या भिंतीसारखें असेल तर लहानही पुरेल. मोठ्या वजनाची आशा सोडावयाची नसेल, तर पृष्ठ काळें मानणेंच भाग होतें.

ही गांठ १९७६ सालीं सुटली. डेल क्रुकशँक, कार्ल पिल्चर व डेव्हिड मॉरिसन यांनीं किट पीक येथील चार मीटर व्यासाची दुर्बीण प्लूटोकडे वळविली. प्रत्येक जातीचें बर्फ अवरक्त प्रकाशाचे आपापले ठराविक अंश गिळतें. प्लूटोचा संपूर्ण वर्णपट घेण्याइतका प्रकाश त्या वेळीं हातीं येत नव्हता. म्हणून त्यांनीं ठराविक प्रकाशासच वाट देणाऱ्या दोन काचा घेतल्या. एकींतून येणारा अंश पाण्याचें बर्फ गिळतें, दुसरींतला मिथेनचें. कमी भरला तो दुसरा. म्हणजे पृष्ठावर गोठलेला मिथेन, म्हणून पृष्ठ उजळ, आणि म्हणून प्लूटो चंद्राहूनही लहान असावा! दोन काचांवर एवढा डोलारा उभारणें कोणास धाडसाचें वाटेल. परंतु १९७८ सालीं जेम्स क्रिस्टी यांस प्लूटोचा उपग्रह चॅरन सांपडला, आणि त्याच्या भ्रमणावरून प्लूटोचें वजन पृथ्वीच्या चारशेंव्या हिश्श्याहूनही कमी भरलें. आमच्या मतें १९३० च्या शोधाहून १९७६ चा शोध अधिक बुद्धीचा होय.

चॅरनची परीक्षा तर मोठ्या युक्तीची. १९८५ पासून कांहीं वर्षें हे दोघे आळीपाळीनें एकमेकांस झांकीत होते. चॅरन आड गेला असतां एकट्या प्लूटोचा प्रकाश मापावयाचा, आणि दोघांच्या एकत्र प्रकाशांतून तो वजा करावयाचा. उरला तो चॅरनचा. त्यांत १९८७ सालीं पाण्याचें बर्फ ओळखलें गेलें.

तथापि प्लूटोवरील मुख्य द्रव्य मिथेन नव्हेच. १९९२ सालीं टोबियस ओवेन व त्यांचे सहकारी यांस हवाई बेटांतील मौना केआ येथून नत्राच्या बर्फाची बारीकशी खूण दिसली. नत्र प्रकाश फारच थोडा गिळतो, म्हणून विपुल असूनही तो मुका. मिथेन थोडा, पण बोलका. सोळा वर्षें ज्योतिष्यांनीं ऐकला तो या थोड्याचाच आवाज.

१४ जुलै २०१५ रोजीं न्यू होरायझन्स यान जवळून गेलें, तेव्हां नत्राच्या बर्फाचें विस्तीर्ण मैदान दृष्टीस पडलें, व त्याच्या कडेस पाण्याच्या बर्फाचे डोंगर. तेथील थंडींत पाणी खडकासारखें कठीण होतें. नत्राचें बर्फ मऊ, त्याचे उंच डोंगर टिकावयाचे नाहींत. व्यास भरला सुमारें २३७६ किलोमीटर. ग्रहांच्या पंक्तींतून प्लूटो २००६ सालींच उठविला गेला होता.

तेंच यान १ जानेवारी २०१९ रोजीं ॲरोकॉथ या त्याहून कितीतरी लहान व दूरच्या पिंडाजवळून गेलें. तेथें पाण्याच्या बर्फाची निश्चित खूण मिळाली नाहीं. मिळालें तें मिथेनॉलचें बर्फ, आणि त्यावर पसरलेला तांबूस सेंद्रिय थर.